खेळाडू नसताना हा प्राणी काय करतो?

एम.डी. साहेबांचा निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या भरड्यात होते. शिपाई दाराबाहेरूनच बोलला. आमच्या लॅबमध्ये सहसा कुणी आत येत नसे.

"मॅडम, सायबांचे भाचे आल्यात पुण्याहून. कॉम्प्युटर घेऊन आल्यात. तुमाला बोलावलंय."

"कॉम्प्युटरचं काम अकाउंट्सला. माझं काय तिथं?"

"किड्याचं काय तरी हाय म्हनं."

मी हात धुतले आणि निघाले. सकाळपासून दोनदा वीज गेली होती. काही ट्रेंना बुरशी लागली होती, ते फेकावे लागणार होते. कुणाच्याही भाच्याला भेटायची मला इच्छा नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी कीटकशास्त्रज्ञ होते. कारखान्याच्या परोपजीवी कीटक प्रयोगशाळेची प्रमुख. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात जुन्या गोडाऊनच्या दोन खोल्या, लाकडी रॅक, एक मायक्रोस्कोप, आणि हाताखाली लताबाई. आणखी माणसं मंजूर होती, पण मंजूर माणसं कागदावर होती आणि ट्रे खोलीत होते.

काम काय, ते आधी सांगते. उसाला खोडकिडा लागतो. कोवळ्या उसाचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, आतून खातो, पोंगा वाळतो, कोंब जातो. ट्रायकोग्रामा नावाची एक माशी आहे. टाचणीच्या डोक्यावर दोन-तीन आरामात बसतील एवढी लहान. ती खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू ते अंडं आतून खाऊन टाकतं. किडा जन्मायच्या आधीच संपतो. आम्ही या माश्या वाढवायच्या, त्यांची पिल्लं असलेली अंडी कार्डांवर चिकटवून शेतकऱ्यांना द्यायची, त्यांनी ती कार्डं उसाच्या पानाखाली टाचायची.

आता माशी वाढवायची तर तिला अंडी लागतात, तीही ढिगाने. खोडकिड्याची एवढी अंडी मिळत नाहीत. म्हणून आम्ही धान्यातला एक पतंग पाळायचो, भरडलेल्या ज्वारीवर. त्याच्या अंड्यांवर माशी वाढायची. एक कीड मारायला माशी, ती माशी पोसायला पतंग, आणि तो पतंग पोसायला ज्वारी. माझी आई म्हणायची, "एवढं शिकलीस आणि ज्वारीला कीड लावतेस?"

साहेबांच्या केबिनमध्ये पंचविशी ओलांडलेला एक मुलगा उभा होता. टेबलावर मॉनिटर, खाली सीपीयू, बाजूला गोधडी. प्रवासात धक्का लागू नये म्हणून सगळं गोधडीत गुंडाळून गाडीतून आणलं होतं.

"मॅडम, हा केदार. माझ्या बहिणीचा मुलगा," साहेब म्हणाले. "इंजिनिअर आहे. नोकरी सोडून गेम बनवतो." शेवटचं वाक्य त्यांनी घरातला आजार सांगावा तसं सांगितलं.

केदारने वाकून नमस्कार केला. मग भराभर बोलायला लागला. तो आणि त्याचे मित्र मिळून पुण्यात एका फ्लॅटमध्ये कंपनी चालवत होते. एका परदेशी कंपनीने त्यांना काम दिलं होतं. गेम असा, की दूरच्या एका ग्रहावर खाण आहे. खाणीत माणसं काम करतात. तिथे एक परजीवी प्राणी सापडतो, तो माणसांच्या अंगात शिरतो. खेळाडू बंदूक घेऊन खाणीत उतरतो. यांनी फक्त तो प्राणी बनवायचा होता. बनवला, पाठवला. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"खेळाडू समोर नसताना हा प्राणी काय करतो?"

"मग?"

"आधी आम्ही हसलो. मग लक्षात आलं की आमच्याकडे उत्तरच नाही. खेळाडू आला की तो उडी मारतो. नसला की..." त्याने हात पसरले. "उभा असतो. त्यांनी दहा-बारा दिवस दिलेत. नाही जमलं तर काम काढून घेणार. हे काम गेलं तर कंपनी बंद."

साहेब घड्याळाकडे बघत होते. "मामा म्हणाले, आमच्या एक मॅडम दिवसभर हेच करतात," केदार म्हणाला.

मी नाही म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो प्रश्न मला सोडेना. आमच्या शास्त्रात पहिला प्रश्न हाच असतो. शेतात ऊस नसताना खोडकिडा कुठे असतो, काय खातो, कशात लपतो? हे कळलं तर कीड कळली. इतकी वर्षं मी शेतकरी मेळाव्यांत हे सांगत होते आणि लोक चहा कधी येतो ते बघत होते. सातासमुद्रापलीकडून कुणीतरी तोच प्रश्न एका नसलेल्या प्राण्याबद्दल विचारत होतं.

"दाखव तुझा प्राणी," मी म्हणाले.

त्याने गेम लावला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळले. अंधारा बोगदा. मी चुकीचं बटण दाबलं आणि भिंतीला टेकून गोल फिरत राहिले. तेवढ्यात काहीतरी तोंडावर आलं आणि पडदा लाल झाला.

"मेलात," केदार म्हणाला.

दुसऱ्यांदा त्याने खेळून दाखवलं. प्राणी आठ पायांचा, दातांच्या रांगाच रांगा, अंगावर शेंबडासारखी चकाकी. माणसाच्या पोटात शिरायचा, माणूस पडायचा, आणि क्षणात त्यातून बैलाएवढा मोठा होऊन बाहेर यायचा.

"हा एवढं वजन कुठून आणतो?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माणूस साठ किलोचा. आतून निघालेला प्राणी दोनशेचा तरी दिसतोय. वरचं वजन कुठून आलं?"

"मॅडम, एलियन आहे."

"एलियन असला तरी खायला लागेलच की. आणि एका माणसातून एकच निघतो. निघून काय करतो? माणसं मारतो. सगळी माणसं मेली की पुढचं पिल्लू कुठे वाढणार?"

केदारने खिशातून पेन काढलं. साहेब म्हणाले, "बरं, तुमचं चालू द्या," आणि मीटिंगला गेले.

मी त्याला लॅबमध्ये नेलं. आमच्याकडचे शब्द आधी समजावले. ऊ, गोचीड, पोटातले जंत हे परजीवी. दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहतात, त्याचं खातात, पण सहसा त्याला मारत नाहीत. तो मेला तर यांचं घरच गेलं. आमची माशी वेगळी. तिचं पिल्लू वाढेपर्यंत दुसऱ्याला खातं आणि शेवटी मारतंच. तिला आम्ही परोपजीवी म्हणतो. ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं, त्याला म्हणतात यजमान.

रॅकमागे लताबाई ट्रे पालथे करत होत्या. तोंडाला पदर बांधलेला. तिथूनच बोलल्या, "मॅडम, इतकी वर्सं ऐकतीय, पन आज इचारते. मरतो त्यो यजमानच का?"

"हो लताबाई."

"आमच्यात यजमान म्हंजी नवरा. मरन येतं बाईला." आणि त्या हसता हसता खोकल्या. बराच वेळ खोकल्या.

लताबाई बेलापूरच्या. लग्नाआधी आईबापाबरोबर कोयत्यावर जायच्या, म्हणजे ऊसतोडीला, जिल्ह्याबाहेरच्या कारखान्यांवर. लॅबमधलं काम त्यांना सावलीतलं काम वाटायचं. पतंगांचं काम त्यांच्याइतकं हलक्या हाताने कुणाला जमत नसे, आणि दुसरं कुणी नव्हतंही.

केदारला मी मायक्रोस्कोपखाली पतंगाची अंडी दाखवली. काही पांढरी, काही काळी. काळ्यांमध्ये माशीचं पिल्लू वाढत होतं. एक माशी एका अंड्यावर फिरत होती, मिशांनी ठोकून बघत होती.

"काय करतेय?"

"आधी कुणी अंडं घातलंय का ते बघतेय. घातलं असेल तर सहसा सोडून देते. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. पहिली माशी खूण ठेवून जाते."

"आणि जागाच नसली तर?"

"तर रुमाल उचलून बसतात. एस.टी.त बसतात तसंच."

मग एक अळी दाखवली. कोबीच्या प्लॉटमधून आणलेली, हिरवी, धष्टपुष्ट. पान खात होती. तिच्या आत दुसऱ्या एका माशीची पिल्लं होती, वीस-पंचवीस तरी. केदारचा विश्वास बसेना.

"पण ही तर मजेत खातेय!"

"तिने खाल्लंच पाहिजे. आतली पिल्लं तिची चरबी खातात, रक्त पितात. महत्त्वाच्या अवयवांना शेवटपर्यंत तोंड लावत नाहीत."

"त्यांना कळतं?"

"कळत वगैरे नाही. ज्या पिल्लांनी आधीच सगळं खाल्लं, त्यांची अळी लवकर मेली आणि तीही मेली. उरली ती ही."

त्याने मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं. चेहरा उतरला होता. "मॅडम, आमचा प्राणी याच्यापुढे काहीच नाही."

पुढचे काही दिवस तो कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर राहिला. सकाळी माझं काम उरकलं की येऊन बसायचा. मी कार्डं कापता कापता बोलायचे, तो चित्रं काढायचा. एकेक प्रश्न घेत गेलो.

पहिला प्रश्न, माणसं येण्याआधी हा प्राणी कशावर जगत होता? खाण माणसांनी खोदली, म्हणजे माणूस त्या ग्रहावर उपरा. मग त्याचा खरा यजमान दुसरा असणार. आम्ही ठरवलं की बोगद्याच्या भिंतींवर सरपटणारा, मऊ, गोगलगायीसारखा एक जीव आहे. प्राणी त्याच्यात हजारो वर्षं वाढतोय आणि त्या जिवाला फारसं काही होत नाही. दोघांनी एकमेकांशी जमवून घेतलंय. माणूस सापडला तो अपघाताने.

"मग माणसात तो जास्त धोकादायक का?" केदारने विचारलं.

"नवीन यजमान मिळाला की परजीवी कधी कधी धसमुसळेपणा करतो. किती खावं, कधी थांबावं, याचा मेळच बसलेला नसतो."

दुसरा प्रश्न, यजमान नसताना तो कुठे असतो? इथे मी उसाचंच उदाहरण दिलं. तोडणी झाली तरी शेतात बुडखे उरतात, त्यात कीड पडून राहते. आम्ही प्राण्याला खाणीच्या धुळीत ठेवलं, बीसारखा कोरडा, न खाता न हलता. पाण्याचा ओलावा लागला की जागा होणारा.

"म्हणजे खेळाडू नसताना तो काय करतो?"

"वाट बघतो. बहुतेक प्राणी आयुष्यातला बहुतेक वेळ तेच करतात."

केदारने ते वाक्य लिहून घेतलं. मला काही ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

एक प्रश्न मात्र सुटेना. बाधा झालेला माणूस खेळाडूने ओळखायचा कसा? केदारच्या मित्रांनी फोनवर सुचवलं, डोळे लाल करू, कातडी हिरवी करू. मला ते पटेना. ज्या यजमानाला बघताक्षणी लोक पळतील किंवा ठार मारतील, त्याच्यात राहून परजीवीचा फायदा काय? माणूस वरून चांगलाच दिसला पाहिजे. मग ओळखायचा कसा, हे मलाही सांगता येईना.

त्या दिवशी दुपारी केदारला पतंग गोळा करताना बघायचं होतं. मी नको म्हणाले होते. त्या खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर पतंग उडून जातात. पतंगाच्या पंखांवर बारीक खवले असतात. शेकडो पतंग फडफडले की ते हवेत उडतात, पिठाच्या गिरणीत धूळ असते तसे. ते नाकातोंडात जातात, छातीत बसतात. या कामातल्या माणसांना दमा लागतो हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. उपायही माहीत आहे. हवा बाहेर ओढणारा जाळीचा मोठा एक्झॉस्ट फॅन आणि नीट मास्क. दोन वर्षं मी फॅन मागत होते. प्रत्येक वेळी बजेट पुढच्या वर्षीचं असायचं.

लताबाईंनी पतंगांच्या पेटीचं झाकण उचललं. पतंग उसळले. उजेडाच्या तिरिपेत धूळ चमकायला लागली. "बगा साहेब, असं नळीनं धरायचं, पंख न्हाई मोडायचं," असं म्हणेपर्यंत त्यांना खोकला लागला. मग खोकला थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. त्या पेटीला धरून खाली बसल्या. तोंड उघडं, छाती वरखाली, पण हवा आत जाईना. ओठ काळेनिळे दिसायला लागले.

"गाडी काढ," मी केदारला ओरडले.

आम्ही दोघांनी त्यांना धरून बाहेर आणलं. केदारने राहुरीपर्यंत गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. लताबाईंचा हात माझ्या हातात होता आणि त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मध्येच त्या कशाबशा म्हणाल्या, "पेटी उगडी राह्यली." मी म्हणाले, "राहू दे."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "हे पहिल्यांदा नाही झालेलं. छाती किती तरी दिवसांची भरलेली आहे. कसलं काम करतात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुम्ही तिथल्या ऑफिसर का?" मी हो म्हणाले. ते परत आत गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर मी आणि केदार बसलो. बाजूला नातेवाईक पसरले होते. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी पायरीवर आडवं झालेलं. एक बाई उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. मलाही डोळे उघडे ठेवणं जड जात होतं.

मग मी म्हणाले, "थकत नाही."

"काय?"

"तुझा बाधा झालेला माणूस. तो थकत नाही. थकवा म्हणजे शरीराचा निरोप असतो, आता थांब म्हणून. परजीवीला यजमान थांबलेला परवडत नाही. त्याने खात राहिलं पाहिजे, चालत राहिलं पाहिजे. तो प्राणी आत बसून एवढंच करतो. हा निरोप पोचू देत नाही."

केदार बाकावर सावरून बसला.

"खाणीत सगळे दमलेले असतील. कुणी टेकेल, कुणी घाम पुसेल, कुणी शिव्या देत खाली बसेल. ती सगळी माणसं ठीक आहेत. जो एकदाही टेकत नाही, त्याच्यावर संशय घ्यायचा."

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे भारी आहे."

मला त्यात भारी काही वाटत नव्हतं. मला फक्त लताबाईंचा श्वास ऐकायचा होता. संध्याकाळच्या आत तो सुधारला. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आले, त्यांच्याकडे लताबाईंना सोपवून आम्ही परत निघालो.

दुसऱ्या दिवशी मी पतंगांच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. केदार तिथेच होता, निघायच्या तयारीत.

"सर, फॅन बसेपर्यंत पतंग गोळा करणं बंद."

"मॅडम, पोंगे वाळायला लागलेत. शेतकऱ्यांनी कार्डं मागितलीत. संचालक माझा जीव घेतील."

"त्याआधी लताबाईंचा जाईल. काल जाणारच होता."

साहेब वाईट माणूस नव्हते. कारखाना चालवणाऱ्या माणसाला रोज शंभर जण काहीतरी मागतात, आणि त्यातला जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल त्याचं आधी होतं. मी कधी ओरडले नव्हते. "लेखी द्या," ते म्हणाले.

"दोन वर्षं लेखीच देतेय. आता किल्ली देतेय."

मी किल्ली टेबलावर ठेवली. ते किल्लीकडे बघत राहिले. नोकरी पक्की होती, पण साखर कारखान्यात पक्कं काय असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

केदार मध्येच बोलला. "मामा, या कामाबद्दल आमच्या कंपनीला मॅडमना मानधन द्यायचंच आहे. त्या म्हणत असतील तर त्याऐवजी आमची कंपनी फॅन देईल. मी पुण्याहून माणूस पाठवतो बसवायला."

"चालेल," मी म्हणाले.

साहेबांचा चेहरा बदलला. "म्हणजे बाहेरची कंपनी येऊन आमच्या कारखान्यात पंखा बसवणार? उद्या जनरल बॉडीत कुणी उठून विचारलं, एवढ्या मोठ्या कारखान्याला एक पंखा झेपत नव्हता का, तर काय सांगू?"

त्यांनी फोन उचलला आणि इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर आला. म्हणाला, "साहेब, स्टोअरमध्ये दोन नवे पडलेत की. डिस्टिलरीसाठी मागवले होते, तिथं साइज बसली नाही."

"कधीपासून पडलेत?"

इंजिनिअर छताकडे बघायला लागला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त कुठेतरी खाली बसावंसं वाटलं. त्याच आठवड्यात भिंत फोडून फॅन बसला. मास्क आले. आणि कागदावरच्या मंजूर माणसांपैकी एक बाई खरीखुरी कामाला आली.

लताबाई महिनाभराने परत आल्या. मी त्यांना कार्डांच्या खोलीत घेतलं, पतंगांपासून लांब. त्यांना ते आवडलं नाही. कार्डं चिकटवणं त्यांना पोरखेळ वाटायचा. दाराशी उभं राहून त्या नव्या बाईला सूचना द्यायच्या, "आगं हळू, पंख मोडतील!" त्यांची छाती पूर्ण बरी झाली नाही. थंडीत अजून त्रास व्हायचा. मी एकदा म्हणाले, "लताबाई, मी आधीच कुलूप लावायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "लावलं आस्तं तर मला परत कोयताच हुता. तवा मीच उगडलं आस्तं."

केदारचं काम टिकलं. परदेशी कंपनीला प्राणी आवडला. त्या धुळीतल्या बीवर, गोगलगायीवर, न थकणाऱ्या माणसावर त्यांनी लांबलचक कौतुक लिहून पाठवलं. काही महिन्यांनी केदार पुन्हा गोधडीत कॉम्प्युटर गुंडाळून आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये डेमो लावला. या वेळी मी भिंतीला अडकले नाही. बोगद्यात दहा-बारा कामगार होते. एक जण फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता. एक जण खाली बसून बूट काढून पाय चोळत होता. एक जण मात्र सारखं खणत होता, एकाच लयीत. मी बोट दाखवलं. "हा."

"करेक्ट," केदार म्हणाला.

साहेब मागून वाकून बघत होते. "मग आपल्या कारखान्यात बाधा अजिबात नाही," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर मोठ्याने हसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी केदारचा फोन आला. आवाज पडलेला. गेम बाजारात आणण्याआधी तिकडे काही मुलांना बसवून खेळायला देतात, कुठे अडतंय ते बघायला. त्याचा निकाल आला होता.

"आवडला नाही का?" मी विचारलं.

"आवडला. खूप खेळली मुलं. पण मॅडम, त्यांनी थकलेल्या माणसांनाच गोळ्या घातल्या."

"का? सांगितलं नव्हतं का की ती माणसं चांगली आहेत म्हणून?"

"सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण ती हळू चालतात, बसून असतात. नेम सोपा पडतो."

मी विचारलं, "आता?"

"नवं काही शोधायला आता वेळ नाही. थकलेल्यांनाही थोडं पळायला लावतोय."

गेम आला. इथे कुणाला तो फारसा माहीत झाला नाही, पण केदारच्या कंपनीला पुढचं काम मिळालं. त्याने मला एक सीडी पाठवली होती. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती चालली नाही, म्हणून पुढे तो आला तेव्हा गेस्ट हाऊसवर त्याच्याच मशीनवर मी तो गेम एकदा बघितला. प्राण्यात काही चूक नव्हती. धुळीत पडून होता, ओलावा लागला की जागा होत होता, वजन कुठून येतं त्याचाही हिशेब लागत होता. बोगद्यातली सगळी माणसं मात्र पळत होती.

मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. अजून कुणी कुणी सल्ला विचारायला येतात, कुणाला लॅब काढायची असते, कुणाला मशीन बनवायचं असतं. किड्याबद्दल सगळं विचारतात. मी आधी विचारते, तिथे राबणार कोण आणि हे वापरणार कोण? बहुतेकांना तो प्रश्न विषयाबाहेरचा वाटतो.